आमच्या गिझरचं दुखणं

नागपूरला थंडी पडते असं बाहेरगावच्या लोकांना सांगितलं की ते हसतात. त्यांच्या लेखी नागपूर म्हणजे मे महिना, गवताचा कूलर आणि डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा. पण २९ डिसेंबर २०१८ ला याच गावात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि त्या दिवशी मी आंघोळ केली की नाही यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. तेव्हा गिझर ही आमच्याकडे चैनीची वस्तू नव्हे. हिवाळ्यात तो गरम पाणी देतो आणि, पुण्या-मुंबईकडच्यांना हे खरं वाटायचं नाही, उन्हाळ्यात गार पाणी देतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिल-मेमध्ये अंगावर घेण्यालायक उरत नाही, तेव्हा बटण बंद ठेवलेल्या गिझरमध्ये रात्रभर निवलेली पहिली बादली ज्याला मिळेल तो त्या दिवशीचा राजा. मला ती कधी मिळालेली नाही.

तर या बारमाही सेवकानं एका डिसेंबरात तोंड उघडलं. आधी नुसतं टिक्-टिक्. मग कट्-कट्. आणि पाणी तापत आलं की आतून अशी काही खदखद आणि गुरगुर की बैठकीत जप करत बसलेल्या आईनं माळ थांबवून विचारलं, "अरे, आत कोण आहे?" आत कोणी नाही, गिझर आहे, म्हटल्यावर ती म्हणाली, "महाल भागातल्या आपल्या वाड्यात बंब होता, त्यानं कधी आवाज केला नाही." बंबाला रोज पहाटे उठून कोळसे घालावे लागत, राख काढावी लागे, आणि ते काम माझ्या वडिलांकडे होतं. त्यामुळे आवाज जो काय व्हायचा तो वडिलांचा. हे मी आईला बोललो नाही.

"प्लंबरला बोलवा," बायको म्हणाली. आता, आवाज ऐकून यंत्राचा रोग ओळखणाऱ्यांपैकी मी एक आहे, असा माझा समज आहे. मी डोळे मिटून, कान लावून, निदान सांगितलं: पाइपात हवा धरली आहे. त्यावर उपाय म्हणून घरातले सगळे नळ सोडले, हवेला निघून जायला सवड मिळावी म्हणून बाल्कनीत पेपर घेऊन बसलो आणि पेपर चांगला होता म्हणून जरा जास्त बसलो. इमारतीची टाकी सगळ्यांची मिळून एकच आहे. वरच्या मजल्यावरचे काका तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत, एक डोळा मिटून, जिन्यातून हाका मारत खाली आले तेव्हा हवा खरोखरच निघून गेली होती. पाणीही.

दुसरं निदान भिंतीवरचे खिळे सैल झाल्याचं होतं. गिझर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत माझी जुनी बनियन कोंबली. आवाज तसाच राहिला, फक्त बाथरूममध्ये पाहुणे गेले की त्यांना बनियन दिसायची.

मग मी शास्त्रशुद्ध मार्गाला लागलो, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. एक दाढीवाले गोरे गृहस्थ फार प्रेमानं समजावून सांगत होते. त्यांचाही हीटर असाच कटकट करत होता. सहा गॅलनचा, म्हणजे आपला बावीस-तेवीस लिटरचा. माझा पंचवीसचा, तेव्हा भाऊबंदच म्हणायचा. ते म्हणाले, घराच्या बाहेर या, बाहेरच्या भिंतीत एक छोटं झाकण असतं ते उघडा, खाली एक मोठा नट दिसेल, तो पान्यानं काढा, त्याच नटाला आत एक दांडा लावलेला असतो. ते गाडीच्या मागे जोडून देशभर ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराबद्दल बोलत होते, हा तपशील व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात येऊन गेला असावा. ते मिनिट मी पुढे सरकवलं होतं. मी पाना घेतला, खाली पार्किंगमध्ये गेलो आणि झाकण कुठे दिसतंय ते बघत मान वर करून उभा राहिलो. आमचं बाथरूम दुसऱ्या मजल्यावर. पण खालून बघणाऱ्याला पहिल्या मजल्याची खिडकी कुठली, दुसऱ्याची कुठली, हे काही माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. एक सभ्य गृहस्थ सकाळी साडेसातला, हातात पाना घेऊन, ओळीनं सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या न्याहाळतो आहे, हे दृश्य चौकीदारानं पाहिलं, दूधवाल्यानं पाहिलं आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी धाडकन खिडकी लावून घेतली.

यानंतर खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण त्या दाढीवाल्यांनी शेवटी टाकी रिकामी करून धुवायला सांगितली होती, आणि रिकामं करणं मला कठीण वाटेना. वीज बंद करायची एवढी अक्कल मला आहे. कुठला खटका गिझरचा हे कळेना म्हणून मी सगळेच खाली पाडले. आईची मालिका गेली, मुलीची ऑनलाइन परीक्षा गेली. गिझरच्या खालच्या निळ्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याची कडी उचलली की पाणी पडायला लागतं. पडायला लागलं. पडतच राहिलं. मी बादल्या मोजल्या, मग मोजायचं सोडलं, कारण पंचवीस लिटरच्या टाकीतून चाळीस लिटर काढूनही ती भरलेलीच होती. येणाऱ्या पाण्याचा कॉक आधी बंद करायचा असतो. तो बंद केला तर थेंबही येईना. गरम पाण्याचा नळ उघडून वरून हवा आत घ्यायची असते, तरच टाकी रिती होते. म्हणजे हवेचा या प्रकरणाशी संबंध होता, हे मी बायकोला सांगायला वळलो. ती पायपुसणी पिळत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत पुढच्या वर्षी कोणाचा पुतळा, म्हणजे बडग्या, काढायचा याचा विचार मंडळांनी आता करायला नको, असं ती म्हणाली.

प्लंबर आला तो दुपारी. खांद्याला पिशवी, तोंडात खर्रा. त्यानं गिझरवर दोन बोटांनी टकटक केली आणि थुंकून येऊन म्हणाला, "सायेब, याले मुतखडा झाला."

खालचे बोल्ट सोडून त्यानं कॉइल बाहेर काढली. ती कॉइल आहे हे तो म्हणाला म्हणून मानलं. पांढुरक्या, मातकट चुन्याचा थर, बोटभर जाड, आणि टाकीच्या बुडाशी ओंजळी-ओंजळीनं पापुद्रे. शेजारचा मॅग्नेशियमचा दांडा, जो टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः झिजत जातो, तो झिजून झिजून नुसती तार उरली होती. अशा निःस्वार्थ माणसाची आमच्या घरात कोणी चौकशी केली नव्हती. प्लंबरनं आवाजाचं सगळं शास्त्र उकिडवं बसल्या बसल्या सांगितलं: जड पाणी तापलं की त्यातला क्षार वेगळा होऊन तारेवर बसतो, त्या थराच्या खाली पाणी अडकतं, तिथंच उकळतं, वाफेचा बुडबुडा सुटून बाहेर येतो आणि फुटतो. टिक्. असे हजार फुटले की आईचा जप थांबतो. मग त्यानं किराणा ओळीतून लिंबूफूल आणायला सांगितलं, बादलीभर पाण्यात ते विरघळवून कॉइल बुडवली, आणि ती अशी फसफसली की आम्ही सगळे कौतुकानं बघत उभे राहिलो.

"पानी कोनतं वापरता?"

नळाचं पाणी पेंच-कन्हानचं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण मागच्या उन्हाळ्यात सोसायटीनं बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडायचा ठराव केला. ठराव चांगला होता. पाणी तपासूनही घेतलं होतं; पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं, आणि आमच्या बोअरचा आकडा वाचून सचिवांनी तो कागद फायलीत खोल ठेवून दिला. सचिव मीच आहे.

प्लंबरचं लक्ष मग गिझरच्या बटणाकडे गेलं. "अन् हे काऊन पंच्याहत्तरवर? चाय बनवता का इथं?" साठच्या पुढे गेलं की चुना जास्तच बसतो म्हणे. ते बटण पंच्याहत्तरवर कोणी नेलं, याचा घरात कोणी उल्लेख केला नाही. तिघी एकाच वेळी माझ्याकडे बघत होत्या, तेवढ्यावर भागलं. त्यानं ते पंचावन्नवर आणलं, नवा दांडा बसवला, पैसे घेतले आणि जाताना फटीतली बनियन काढून माझ्या हातात दिली.

ते पापुद्रे मात्र मी टाकू दिले नाहीत. धुऊन, उन्हात वाळवून, स्टीलच्या वाटीत घालून बैठकीच्या टीपॉयवर ठेवले, आणि जो येईल त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि वाफेचा बुडबुडा समजावून सांगू लागलो. पाहुणे हल्ली लवकर उठतात. बायको रोज ती वाटी आत ठेवायची, मी रोज बाहेर आणायचो.

त्यात संक्रांत आली. घरात हळदीकुंकू, बायकांची ये-जा, टीपॉयवर अत्तरदाणी, हलवा, तिळाच्या वड्यांची ताटली आणि तिला टेकून माझी वाटी. वरचे काका तिळगूळ घ्यायला खाली आले, आता दोन्ही डोळे उघडे होते, पण चष्मा वर विसरले होते. मी साबणाच्या प्रकरणाबद्दल काही गोड बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी वाटीतला एक चांगला ऐसपैस पापुद्रा उचलून तोंडात टाकला आणि चावायला लागले. कुर्रम कुर्रम आवाज आला. मी तोंड उघडलं, तर बायकोनं ताटलीआडून असा डोळा मोठा केला की मी ते मिटलं.

काकांनी बराच वेळ चावलं, गिळलं, पाणी मागितलं.

"छान झालंय वहिनी," ते म्हणाले, "फक्त पाक जरा पुढे गेलाय." आणि जुन्या वळणाचा सभ्य माणूस, अन्नाला नावं ठेवली म्हणून वाईट दिसू नये, त्यानं आणखी एक उचलला.