लाइव्हवाले भाऊ

भातकापणी उरकून खाचरं सुकली की मोखाड्यात त्यांचीच मैदानं होतात आणि गावोगावच्या चषकांबरोबर लाइव्हवाले भाऊ उगवतात. बांबूला बांधलेला मोबाईल, खिशात पॉवर बँक, गळ्यात स्वतःच छापून घेतलेलं ‘क्रीडा प्रतिनिधी’चं ओळखपत्र. फेसबुकचं पान हेच त्यांचं वर्तमानपत्र. संपादक तेच, बातमीदार तेच आणि पहिला लाइकही त्यांचाच.

पूर्वी असल्या सामन्यांची बातमी पेपरात यायची ती दोन-चार दिवसांनी. नारळ कोणी वाढवला, फीत कोणी कापली, व्यासपीठावर कोण कोण होतं, सगळं असायचं. जिंकलं कोण, ते जागा उरली तर. भाऊंचं तसं नाही. ते चेंडू न् चेंडू दाखवतात, रेंज असेतो. रेंज गेली की बांबूसकट टेकाडावर चढतात, मग खेळाडू मुंगीएवढे. ‘भाऊ, खाली उतरा’, ‘स्कोअर सांगा’, ‘आमचा धाकटा खेळतोय का?’ अशा कमेंटा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवरून पडू लागतात. दिवाळीनंतर पाड्यातली कितीतरी घरं तिकडे कामाला गेलेली असतात. गावची फायनल त्यांना दिसते ती भाऊंमुळेच, म्हणून मी त्यांना सगळं माफ करतो. सुटलेल्या झेलाला ‘अप्रतिम क्षेत्ररक्षण’ म्हणणंसुद्धा.

2019च्या विश्वचषकात संजय मांजरेकरांच्या शेऱ्याला रवींद्र जडेजाने ट्विटरवर जाहीर उत्तर दिलं, त्याची केवढी चर्चा झाली! इथे ट्विटरची गरज पडत नाही. भाऊंचा माइक भोंग्याला जोडलेला असतो. ‘अत्यंत बेजबाबदार फटका’ एवढं ऐकू आलं की बाद झालेला गडी बॅटसकट भाऊंच्या दिशेने वळतो, आणि भाऊ त्याच दमात जोडतात, ‘पण चेंडूच तसा होता, मंडळी!’

धावबादवरून भांडण पेटलं की पंच कोणाचा तरी मोबाईल मागवून भाऊंचं लाइव्ह मागे नेतात. त्यात चेंडू दिसतो, यष्ट्या दिसतात आणि नेमक्या त्या क्षणी दिसतो भाऊंचा अंगठा.

परवा एका पोराने शेवटच्या चेंडूवर छक्का मारून मॅच काढली. धापा टाकत आला.

“भाऊ, माझा छक्का घेतलात ना?”

“घेतला असता रे, पण तेवढ्यात सभापती गाडीतून उतरले.”