उसाला अक्कल, मालकाला ओटीपी
एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्याला इंदापूर-बारामती पट्ट्यात मोठा मान होता. अर्ज भरायचाय? माउसवाल्याकडे जा! १५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि मोबाइलने ही वतनदारी खालसा केली. आता पिकाची नोंद शेतात उभं राहूनच. ज्येष्ठ संगणकतज्ज्ञ नवा स्मार्टफोन घेऊन उसाच्या सरीत उभे. राइट क्लिक नाही, कंट्रोल झेड नाही, ओटीपी गेला घरी ठेवलेल्या जुन्या फोनवर. उसाचा फोटो काढायला जावं तर निघतं स्वतःचं कपाळ. नात म्हणते, "आजोबा, कॅमेरा फिरवा की!"
बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता दिली आहे. थोडी उरलीच, तर मालकाच्या नावावरही चढवावी.