कॉर्ड मोकळी वाजली पाहिजे

लासलगावात कांदा निवडायला वेळ लागत नाही. ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात, व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, कुणीतरी वरचे दोन-चार कांदे हातात घेतो, अंगठ्याने मान दाबून बघतो, आणि तो कांदा परत ट्रॉलीत पडायच्या आत भाव फुटलेला असतो. १९४७ साली बाजार समिती झाली, तेव्हापासून इथल्या माणसाची नजर अशीच तयार होत आली आहे. अशाच एका अडतीच्या घरातला मुलगा गेली काही वर्षं गिटारसाठी एक ओव्हरड्राइव्ह पेडल निवडतो आहे. निवड अजून चालू आहे.

नाव सांगून उपयोग नाही, कारण तो एकटा नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावात आता असा एक असतो. आम्ही आमच्याला टोनभाऊ म्हणतो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. सकाळी वडिलांच्या गाळ्यावर हिशोबपट्ट्या फाडायच्या, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचं, आणि उरलेल्या वेळात जमिनीवर उकिडवं बसून पेडलची बटणं केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायची. मागणी एकच: आवाज फाटला पाहिजे, पण कॉर्ड मोकळी वाजली पाहिजे. सहाच्या सहा तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. म्हणजे ज्याने डोळ्यांत पाणी येत नाही असा कांदा त्याला हवा आहे, आणि चव मात्र कांद्याचीच हवी.

यात अवघड काय, असं चुकून विचारलंत तर संध्याकाळ गेली. तो हिशोबपट्टी उलटी करतो आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडतो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटणं. एकच सूर असेल तर छाटल्यावर त्याला नुसती धार येते. पण दोन सूर एकत्र आत गेले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीसुद्धा बाहेर पडते. ‘ए’ ११० हर्ट्झचा, त्याच्या वरचा ‘ई’ जवळजवळ १६५चा. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘ए’च. बेरीज २७५, तीही त्याच कुळातली. म्हणून रॉकवाले दोन सुरांची पॉवर कॉर्ड वाजवून सुखात असतात. आता मेजर कॉर्डमधला तिसरा सूर घ्या. २२०चा ‘ए’ आणि २७७.१८चा ‘सी शार्प’. वजाबाकी ५७.१८.

“पाहिजे होते पंचावन्न,” टोनभाऊ पेन्सिल आपटतो. “सत्तावन्न म्हणजे ना ए, ना ए शार्प. कुणी न दाबलेला सूर खालून गुरगुरतो भो. हाच तो चिखल.”

हे सगळं खरं आहे. गिटारच्या पडद्यांची मांडणीच अशी असते, की तिथला हा तिसरा सूर, म्हणजे गंधार, शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा बसतो. साध्या आवाजात ते कानाला खपून जातं, फाटक्या आवाजात उघडं पडतं. त्यावरचा उपायही टोनभाऊ गावातल्या पोरांना फुकट सांगतो: गेन, म्हणजे छाटणीचं प्रमाण, कमी करा, गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण थोडं मागे घ्या, सहाऐवजी तीन-चार तारा वाजवा. मी एकदा विचारलं, मग तू का करत नाहीस?

“करतो ना. पण ते सगळं करून झाल्यावर पेडल कोणतं, हा प्रश्न राहतोच.”

आतापर्यंत त्याच्या घरी येऊन गेलेल्यांची कथा थोडक्यात सांगतो. आधी हिरवं आलं, ट्यूब स्क्रीमर घराण्यातलं. १९७९च्या सुमाराला जपानी कंपनीने बाजारात आणलेलं हे यंत्र हुशार आहे. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग ते कमी छाटतं, त्यामुळे जाड तारा तितक्या गढूळ होत नाहीत. टोनभाऊ आठवडाभर खूश होता. नंतर त्याला वाटायला लागलं की कॉर्ड नाकातून बोलते आहे. ते खोटं नव्हतं, या पेडलचा मधला पट्टा वर आलेला असतोच. पण एकदा ते नाक ऐकू आल्यावर त्याला दुसरं काही ऐकूच येईना. मग निळं आलं, बॉसचं ब्लूज ड्रायव्हर, १९९५चं मॉडेल. त्यात कॉर्ड खरंच उघडी वाजते, माझ्या अडाणी कानालासुद्धा ते कळलं. मी म्हटलं, झालं की काम. तो म्हणाला, “वरचं टोचतंय.” मग टिमी आलं. त्याची खुबी अशी, की खर्ज छाटणीच्या आधी कमी करता येतो आणि तार स्वर छाटणीनंतर. “आधी आणि नंतर” हे तो इतक्या वेळा म्हणाला, की त्याच्या आईला वाटलं औषधाच्या गोळ्यांचं चाललं आहे.

आणि मोबाइलच्या पडद्यावर कायमचा फोटो क्लॉन सेंटॉरचा. १९९४ साली बिल फिनेगन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ते काढलं. त्यात फाटलेल्या आवाजाबरोबर मूळचा स्वच्छ आवाजही मिसळून पुढे जातो. नक्कल होऊ नये म्हणून त्याने आतल्या सर्किटवर इपॉक्सी ओतून ते लिंपून टाकलं. अर्थात लोकांनी ते खरवडून नकला केल्याच. मूळ पेडलची किंमत आता लाखांत जाते. टोनभाऊकडे नकलेची नक्कल आहे. ती तो बारदानाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतो.

आणखी एका पेडलसाठी त्याने नावनोंदणी केली आहे. किंग ऑफ टोन. अमेरिकेतला एक माणूस आपल्या छोट्या दुकानात ते बनवतो, आणि नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जातात. वधू-वर सूचक मंडळातही त्याचं नाव नोंदवलेलं आहे, तिथलाही वेग तोच. “नंबर जवळ आला” असा निरोप कुठूनही आला, की आईची पहिली शंका हीच असते: कोणत्या यादीतला?

त्याच्याकडून पेडलच्या परीक्षेला बोलावणं आलं की मी जातो, चहा चांगला मिळतो. मागच्या खोलीत एका बाजूला बियाण्याचे डबे, दुसऱ्या बाजूला ॲम्प्लिफायर. लाइटीत गुणगुण येत असेल तर आधी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून बादलीभर पाणी ओतायचं. मग तो ‘ए मेजर’ छेडतो. पायाने बटण दाबतो, तांबडा दिवा लागतो, पुन्हा तोच ‘ए मेजर’.

“ऐकलं?”

“काय?”

“काहीच फरक नाही! एकदम ट्रान्स्परंट!”

गेन शून्यावर होता. दहा हजारांचं यंत्र दिवा लावून बसलं होतं आणि टोनभाऊच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. माझ्या मते हा या माणसाच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण. पेडल चालू आहे, पैसे गेले आहेत, आणि आवाज जसाच्या तसा आहे. पण मग त्याचा हात हळूच गेनकडे जातो.

खरी फजिती होते हळदीत. मांडवात गिटारचा ॲम्प्लिफायर नसतो. पेडलची वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाते. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक स्वतःच गिळून टाकतो, म्हणून फाटका आवाज तिथे गोड लागतो. मांडवातला भोंगा काहीच गिळत नाही. छाटलेल्या लाटेची सगळी चरचर तो प्रामाणिकपणे वऱ्हाडापर्यंत पोचवतो.

“भाऊ, तुमची वायर गेलीये,” साउंडवाला म्हणाला.

“वायर नाही, ओव्हरड्राइव्ह आहे.”

“बरं. वायर बदलू का?”

वायर बदलली. मग साउंडवाल्याने गिटारचा फेडर तळाला नेला आणि विचारलं, “आता?” टोनभाऊने मान तिरकी करून ऐकलं. “हां, आता चिखल गेला.”

त्याच्या शेजारी बँजोवाला बसला होता. आपल्याकडचा बँजो म्हणजे बुलबुल तरंग, मूळ जपानी ताइशोगोतोच्या वंशातला. त्याचा आवाज भोंग्यातून असा काही फाटतो, की परदेशातल्या वादकांनी त्यासाठी काय काय केलं ते आठवून हसू येतं. लिंक रे या वादकाने १९५८च्या त्याच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली म्हणतात. १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. आमच्याकडे स्पीकर फाटकाच भाड्याने मिळतो. बँजोवाल्याने जन्मात पेडल पाहिलेलं नाही. पण तो सूर एकावेळी एकच वाजवतो, बेरीज-वजाबाकीच्या भानगडीत पडत नाही. मी हे टोनभाऊला सांगितलं, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली, ती उठली ४ मे २०२४ला. त्या काळात गाळ्यावर पेडलचा विषय काढायची सोय नव्हती. तेव्हा टोनभाऊने जुनं विकून नवं घ्यायचं धोरण धरलं. येवल्याहून एक पोरगा हिरवं पेडल बघायला आला. त्याने ते हातात घेऊन उलटं केलं, कोपऱ्यावरचा पोचा अंगठ्याने चाचपला, बटण खरखरतं म्हणाला, खोकं नाही म्हणाला, आणि निम्मा भाव सांगून थांबला. टोनभाऊ चिडला. “अरे, माल सुपर आहे, तू गोल्टीचा भाव लावतो का?” पोरगा उठून मोटारसायकलपर्यंत गेला. मग टोनभाऊने त्याला हाक मारली. रोज सकाळी समोर चालतं तेच सगळं चाललं होतं, फक्त या वेळी तो ट्रॉलीच्या बाजूला उभा होता.

त्या पैशांत भर घालून मागवलेलं पार्सल नेमकं गाळ्यावर आलं, आणि तात्यांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, सही करून घेतलं. खोकं उघडून आतली डबी त्यांनी तळहातावर तोलली.

“कितीचं?”

“दहा.”

“शंभर का हजार?”

टोनभाऊ हिशोबपट्टीत डोकं घालून “हजार” म्हणाला. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी टेबलावरचा काटा पुढे ओढला आणि डबी वर ठेवली. चारशे ग्रॅम भरलं. पन्नास वर्षं तोंडी हिशोब केलेला माणूस, कागद लागला नाही.

“किलोला पंचवीस हजार. म्हणजे क्विंटलला पंचवीस लाख.” त्यांनी डबी उतरवून पुन्हा एकदा निरखली. “येतं कुठून?”

“अमेरिकेतून.”

“आणि तिथल्या सरकारने निर्यातबंदी नाही घातली?”