भिंतीवरची वही

"बाई, आहात का हो? की चर्चला गेलात?"

"इथेच आहे. हात रवा-मैद्यात आहेत. तुम्ही बोला, मी ऐकतेय."

"करंज्यांचं ना? मला आज देऊ नका हं. मार्गशीर्षातला गुरुवार, उपास आहे."

"तुमचा उपास मला ठाऊक आहे, वहिनी. मागच्या गुरुवारी साबुदाणावडे, बटाट्याचा चिवडा, वर राजगिऱ्याचा लाडू. आमच्या नाताळातसुद्धा एवढं होत नाही. रात्री सोडलात की खा. डबा भिंतीवर ठेवते."

आमच्या दोन घरांमधली ही भिंत बांधणाऱ्याने काय हिशेबाने बांधली कोण जाणे. खांद्याइतकीच आहे. चोराला अडवत नाही, शेजारणीला तर नाहीच नाही. दोन्हीकडून कुंड्या ठेवून ठेवून वरचा सिमेंटचा पट्टा उखडला आहे. पलीकडे राहतात त्या मूळच्या शरणपूरच्या. शाळेत मराठी शिकवायच्या. आमच्या मुलाला पाचवीत त्याच होत्या, म्हणून घरातले सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. आमचे हेसुद्धा.

"वही वाचलीत का?"

"वाचली की. आणि तुमचं ते वायरमनचं उत्तर वाचून एकटीच हसत बसले. हे म्हणाले, डोकं फिरलं का हिचं."

वहीचं सांगायला हवं. दोनशे पानी साधी वही, वाण्याकडे मिळते ती. बाई रोज रात्री पानभर लिहितात, अगदी डी.एड.ला असल्यापासून. त्यात मोठं काही नसतं. दळण आलं, जास्वंदीला कीड लागली, भाची दिंडोरीहून द्राक्षं घेऊन आली, असलंच. मध्यंतरी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस लिहा-वाचायला बंदी केली, तर बाई अगदी कासावीस झाल्या. टीव्ही नको, रेडिओ नको, पण पान राहायला नको. शेवटी मीच म्हटलं, तुम्ही तिकडून सांगा, मी इकडून लिहिते. संध्याकाळी त्या खुर्ची टाकून भिंतीपाशी बसायच्या आणि मी कुंडीशेजारी वही टेकवून लिहायची. बहिणाबाई चौधरी सांगायच्या आणि त्यांचे सोपानदेव उतरून घ्यायचे, तसा थाट! फरक एवढाच, की बहिणाबाईंच्या तोंडून सोनं पडायचं आणि आमच्या बाई सांगायच्या, "लिहा, आज भेंडी जून निघाली."

डोळा बरा झाला तरी वही येत राहिली. एक दिवस त्यांची, एक दिवस माझी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुळशीच्या कुंडीखाली. एकीनं लिहायचं आणि दुसरीनं समासात उत्तर द्यायचं. समासात बाईंच्या लाल पेनाचं राज्य. माझं 'आणी' त्यांनी इतक्यांदा 'आणि' केलंय, की आता लिहिताना माझाच हात थबकतो.

तर ते वायरमनचं. बाईंनी लिहिलं होतं, 'दुपारभर लाइट नव्हती, संध्याकाळी उपासनेच्या आधी आली, प्रभूचे आभार.' मी समासात लिहिलं, 'लाइट वायरमननं आणली. मी स्वतः खांबावर चढलेला पाहिला.' त्यावर खाली लाल पेनानं, 'वायरमनला कुणी धाडलं?'

यावर काय बोलणार! तोंडी वाद झाला असता तर मी सोडला नसता. पण लिहिलेल्यावर रात्रभर विचार होतो. सकाळपर्यंत मलाच वाटायला लागलं, की सासूबाई नाही का, दूध न नासता तापलं तरी 'पांडुरंग' म्हणायच्या?

"बाई, एक सांगू का? रागावणार नाही ना?"

"कोपऱ्यावरच्या काकू काहीतरी बोलल्या असतील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचा आवाज खाली आला की काकूच असतात."

"म्हणतात, त्या बाई वहीतून तुम्हाला बाटवतायत. गल्लीत सांगून झालंय सगळ्यांना. भाजीवाल्यानं मला विचारलं काल."

पलीकडून काही वेळ नुसता परातीचा आवाज. मला वाटलं, लागलं बाईंना. मग हसण्याचा आवाज आला.

"वहिनी, बाटवायचंच असतं तर करंज्यांनी केलं असतं. वहीचा कुटाणा कोण करतो? आणि हे बघा, टिळकांना स्वतःच्या बायकोला सांगून काही उपयोग झाला नाही, तिथं माझं काय!"

"लोकमान्य?"

"अहो, रेव्हरंड! नारायण वामन. तुम्ही नाशिकच्या ना? आणि लक्ष्मीबाई टिळक माहीत नाहीत? आपल्या जलालपूरच्या. इथनं गंगापूर रोडनं गेलं की गंगेच्या काठावरच. गोखल्यांची मनू. घरात वडिलांचं सोवळं इतकं, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे म्हणे!"

"मीठ? मग उरायचं काय?"

"तेच. ती मुलगी अकराव्या वर्षी सासरी गेली. नवरा कवी. घरात असेल ते देऊन टाकायचा, मनात आलं की न सांगता निघून जायचा. 1895 मध्ये मुंबईला जाऊन ख्रिस्ती झाला. ही लहान दत्तूला घेऊन नातलगांकडे राहिली. पुढे नवऱ्याकडे परत आली, तरी सोवळं सोडलं नाही. एका घरात दोन चुली. नवऱ्यानं कितीही सांगितलं तरी नाही. मग आपलं आपल्यालाच कळलं, की जात माणसानं केलीय, देवानं नाही. 1900 मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मध्ये पाच वर्षं गेली. आणि तुमच्या काकूंना वाटतं, दोनशे पानी वहीत होईल!"

'स्मृतिचित्रे' मी शाळेत असताना धड्यापुरतं वाचलं होतं, धडा म्हणूनच. बाईंनी त्यांची प्रत भिंतीवरून दिली आणि मग कळलं, की हे पुस्तक म्हणजे शेजारणीला सांगितल्यासारखंच आहे. लक्ष्मीबाईंचं शिक्षण बेताचं. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी तो आईच्या मागे लागला, की तुला आठवतं ते सांग, लिही. ते त्याच्याच 'संजीवनी' मासिकात येऊ लागलं. वडिलांच्या चरित्राची तयारी चालली होती आणि त्यातून उभी राहिली आई! पुस्तकाचा पहिला भाग 1934 मध्ये आला. 1936 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा चौथा भाग अर्धाच होता. तो देवदत्तांनी पुरा केला.

मला त्यात काय आवडलं सांगू? बाई नवऱ्यावर रागावते, रुसते, पण त्याची तक्रार करत बसत नाही. हसते. सगळं सोसून झाल्यावर एवढं हसता येतं, याला मी तर भक्तीच म्हणेन. बाईंना समासात तसं लिहिलं, तर लाल पेनानं नुसती एक बरोबरची खूण. ही खूण मला आमच्या मुलापेक्षा जास्त वर्षं वाट पाहून मिळाली.

"आणि त्यांच्या घरी कोण राहायचं ठाऊक आहे ना?" बाई परत भिंतीशी आल्या. हाताला पीठ तसंच.

"कोण?"

"बालकवी. ठोमरे. नगरला टिळकांच्या घरी. ब्राह्मणाचा मुलगा, ख्रिस्त्याच्या घरात, आणि लक्ष्मीबाई त्याच्या आईसारख्या. 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला. अठ्ठावीसही पुरे नव्हते. ते लक्ष्मीबाईंचं वाचा. तिथं मला पान मिटून ठेवावं लागलं."

मी ते अजून वाचलेलं नाही. थोडं पुढं ढकलतेय.

बाईंच्या वहीत देव असा मोठ्यानं येत नाही. भेंडी, कीड, पेन्शनची रांग यांच्यामधून हळूच येतो. आमच्या यांची अँजिओप्लास्टी झाली त्या आठवड्यात मी काही लिहिलंच नव्हतं. वही परत आली तर बाईंनी माझं पान रिकामं सोडलं होतं आणि त्यांच्या पानावर आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं होती, अगदी कामाला येते त्या ताईंचंसुद्धा. खाली लिहिलेलं, 'रात्रीच्या प्रार्थनेत.' माझ्या सख्ख्या जावेनं फोनवर विचारलं होतं, 'खर्च किती आला?' असो. जाऊ दे, ती तिकडून वाचत असेल तर!

मी माझ्या पानांवर काय लिहिते? सासूबाईंचं फार येतं. त्या निफाडकडच्या, पहाटे जात्यावर बसायच्या. त्यांच्या ओव्यांमध्ये 'शेजी' सारखी यायची. शेजीबाई, शेजी गं, माझी शेजारीण. विठ्ठलाला सांगायचं तेही शेजीच्या कानावर घालून. लेक बाळंतीण झाली, गाय व्याली, भाऊ भेटायला आला, सगळं आधी शेजीला. मला वाटायचं, हे आमच्याच घरचं. बाईंनी सांगितलं, की हेमा राईरकर आणि गी पोइतवॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. दोन माणसांच्या आयुष्यात हे काम कसं झालं असेल! लाखभर ओव्या म्हणजे लाखभर पहाटा आणि भिंतीपलीकडे बसलेल्या कितीतरी शेजी. जातं गेलं, मिक्सर आला. मिक्सरच्या आवाजात कुणाला काय सांगणार? म्हणून आमची वही.

बाईंच्या मते शरणपूरला वही लिहायची जुनी परंपराच आहे. हे त्या फार अभिमानानं सांगतात आणि सांगताना पदर सावरतात. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजांनी सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथं आणली जायची, शिकायची. त्यातला एक जेकब वेनराइट. तो पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत आफ्रिकेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी काळीज तिथंच झाडाखाली पुरलं आणि देह महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. पुरताना प्रार्थना वाचली जेकबनं, आणि सगळ्या प्रवासाची रोजनिशी लिहिली तीही त्यानंच. 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनना पुरलं, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला मुलगा होता.

"म्हणजे बाई, नाशिकचं पोरगं लंडनला गेलं, ते लिहायला-वाचायला येत होतं म्हणून?"

"लिहायला येत होतं, आणि लिहिण्यासारखं काय आहे ते कळत होतं म्हणून. वर्गात मी हेच सांगायचे. पोरं निबंधात लिहायची, 'माझा आवडता ऋतू पावसाळा', आणि बाहेर कडाक्याची थंडी. मी म्हणायचे, अरे, आज शाळेत येताना काय दिसलं ते लिही."

"आमच्या पोरानं काय लिहिलं होतं?"

"की आई रोज डब्यात भेंडी देते."

एवढ्यात कोपऱ्यावरच्या काकू आल्याच. हातात हळदीकुंकवाची कोयरी. उद्यापनाचं बोलावणं द्यायला निघालेल्या. दोघी भिंतीपाशी दिसलो, तर पाय आपोआप वळले. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं मला नाही. एकट्या असतात. मुलं दोन्ही बाहेर, मोठा तर कॅनडात. गल्लीत काय चाललंय हे बघायचं, म्हणजे त्यांच्याही दिवसाला काहीतरी हवंच ना.

"काय गं, काय चाललंय? वहीच ना? मला मेलीला कधी दाखवत नाहीत."

बाई काही बोलल्या नाहीत. पीठ झटकलं, पिशवीतून वही काढली आणि सरळ काकूंच्या हातात दिली. माझ्या पोटात गोळा! तिसऱ्या पानावर काकूंच्या घरच्या बारशाच्या जेवणाबद्दल मी जे लिहिलंय ते मला आठवत होतं.

काकूंनी चष्मा लावला. उभ्याउभ्या दोन-चार पानं वाचली. बारशाचं पान आलं की पुढे गेलं, देव जाणे, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मध्येच थांबल्या.

"हे काय, पालकाची जुडी तीस रुपयांना? मला त्यानं चाळीस लावले काल!"

"बघा," बाई म्हणाल्या, "वाचण्याचा उपयोग."

"पण यात प्रार्थना-बिर्थना..."

"आहे ना. पुढच्या पानावर. तुमच्या गुडघ्याचं."

काकूंनी पान उलटलं. वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला, जरा जास्तच वेळ. मग वही मिटून कोयरीतलं कुंकू बाईंच्या कपाळाकडे नेता नेता थांबल्या. बाई ते लावत नाहीत हे आठवलं असावं. हातातलं फूलच पुढे केलं, शेवंतीचं. बाईंनी पिठाच्या हातानं घेतलं आणि केसात खोचलं.

"म्हणजे मी पण लिहायचं म्हटलं तर?" काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मला काही तुमच्यासारखं यायचं नाही. मी चौथी."

"लक्ष्मीबाईसुद्धा शाळेत फार नव्हत्या हो," मी म्हटलं. आता मला माहिती होती ना!

"कोण लक्ष्मीबाई? त्या शिंदेमळ्यातल्या?"

"त्यांना मी सांगते सगळं," बाई म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही उद्या वाण्याकडून दुसरी वही आणा, ही संपत आली. आणि काकू, एक अट आहे."

"काय बाई?"

"ऱ्हस्व-दीर्घ मी तपासणार. लाल पेनानं."