चातुर्मासातल्या खुणा

कांदेनवमीला आमच्याकडे कांद्याचा निरोपसमारंभ जंगी होतो. भज्यांची तिसरी ताटली पुढ्यात असताना बायकोनं विचारलं, "यंदा चातुर्मासात काय सोडणार?"

भरल्या तोंडानं मी म्हणालो, "सोडणार काही नाही. धरणार! रोज वीस पानं वाचणार."

"त्यापेक्षा वांगं सोडा. जमेल तरी."

२०२३ साल होतं. अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा. जवळपास तीन हजार पानं होतात, असा हिशेब मांडून मी पाच पुस्तकं काढून ठेवली. माझ्या आजीचाही चातुर्मासात पोथीचा नेम असे, पण तिनं तो कधी बोलून दाखवला नाही. मी मात्र ऑफिसात, सोसायटीत आणि दाढी अर्धी झालेली असताना न्हाव्यालाही सांगून टाकला.

कार्तिकी एकादशीला देव जागे झाले, तेव्हा मी पुस्तकं परत कपाटात लावायला घेतली. माणूस वाचनाबद्दल थापा मारतो. पानात अडकलेली खूण मारत नाही.

'बनगरवाडी'त खूण नव्हती. माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी अंगानं सडपातळ. दोन दिवसांत संपली. आगाऊ वाचन झालं म्हणून मी आठवडाभर सुट्टी घेतली. बेडेकरांचं 'रणांगण' लोकलमध्ये वाचलं. त्यातली बोट युरोपातून निघून मुंबईला लागली, तरी आमची गाडी पावसात कुर्ला आणि शीवच्या मध्येच उभी होती. त्या पुस्तकाच्या पूर्ततेचं श्रेय रुळांवर तुंबलेल्या पाण्याला.

गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेनं वरसईहून उत्तरेकडे निघाले, बंडात सापडले, लुटले गेले, तरी गंगेची कावड घेऊन घरी परतले. मी पंख्याखाली आडवा पडूनही 'माझा प्रवास'मध्ये झाशीपुढे सरकलो नाही. तिथं ऑगस्टचं विजेचं बिल निघालं. तेही भरायचं राहिलेलं.

नेमाड्यांच्या 'हिंदू'चा नायक सुरुवातीलाच मोहेंजोदडोला उत्खननात असतो. तो खणत राहिला, मी पेंगत राहिलो. चातुर्मासात देव झोपतात. त्या जाडजूड पुस्तकाखाली मीही झोपलो. तिथली खूण आता त्यालाच उकरून काढावी लागेल.

पुढे दिवाळी आली आणि दिवाळी अंक आले. १९०९ साली 'मनोरंजन'कार का. र. मित्रांनी दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी माणसाचं दसऱ्यापर्यंत अर्धवट राहिलेलं पुस्तक त्या वर्षी पुरं झाल्याचं ऐकिवात नाही. मी तर अंकांतलंही भविष्य तेवढं वाचलं. प्रत्येक अंकात निराळं होतं. त्यातलं बरं ते ठेवून घेतलं.

शेवटी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. माझी खूण पन्नासाव्या पानाशी: खोकल्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. ते काढताना पुढची पानं फडफडली. सोवळ्याओवळ्याच्या एका प्रसंगापाशी तेलाचा थेंब, मध्येच कढीपत्त्याचं वाळलेलं पान आणि थेट शेवटच्या पानावर हळदीचं बोट.

मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "हे तू वाचलंस? सगळं? कधी?"

ती वांगी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही लोकांना नेम सांगत होतात ना, तेव्हा."