किती देते?

वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणारे कित्येक पुणेकर तिला सरळ एआरएआयची टेकडी म्हणतात. एआरएआय म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली, गाड्यांच्या परीक्षा घेणारी संस्था. जाहिरातीत गाडीचं जे ॲव्हरेज छापतात, ते अशाच प्रयोगशाळेत निघतं. गाडीची चाकं रोलरवर चढवतात, नाकासमोर मोठा पंखा लावतात आणि ड्रायव्हर पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमीजास्त करत गाडी जागच्या जागी पळवतो. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद. खड्डा नाही, सिग्नलला आडवी घुसणारी रिक्षा नाही, मागच्या सीटवर मामी नाही. असल्या सुखात गाडीने लिटरला बावीस दिले तर नवल कसलं? अशा ठिकाणी माणूससुद्धा बावीस देईल.

टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या मामाला हे सगळं ठाऊक आहे. तरी आपल्या गाडीने बावीस दिलेच पाहिजेत, हा त्याचा हट्ट आहे. प्रश्न पैशाचा नाही, अब्रूचा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिवाजच आहे: पगार सांगायचा तो कमी करून आणि ॲव्हरेज सांगायचं ते वाढवून. समोरच्याने अठरा म्हटलं की आपण साडेअठरा म्हणायचं. त्या ‘साडे’मुळे आकडा मोजून काढल्यासारखा वाटतो.

खरोखर मोजायचं तर पद्धत साधी आहे. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, तीन-चारशे किलोमीटर गाडी चालवायची, मग त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. पळालेल्या किलोमीटरला आत गेलेल्या लिटरने भागायचं, झालं. अडचण भागाकारात नाही, पंपावर आहे. दोन्ही वेळा नोझलने स्वतःहून ‘खट्’ केलं की तिथेच थांबावं लागतं, आणि आपल्याकडे तिथे कोणी थांबत नाही. मामा खाली उतरून झिरो बघतो, मग एखाद्या सर्जनसारखा नोझलशेजारी उभा राहतो. खट् होतं. पंपावरचा पोरगा सवयीने विचारतो, “काका, राउंड फिगर करू?”

“हात लावू नकोस!” मामा इतक्या जोरात ओरडतो की शेजारचा स्कूटरवाला आपलाच हात मागे घेतो.

त्या पोराचं चुकत नाही. त्याच्या पंपावर खट् झाल्यावर गाडी गदागदा हलवून आणखी अर्धा लिटर कोंबणारे महाभाग रोज येतात. टाकीत वाफेसाठी जागा ठेवलेली असते आणि ती वाफ शोषायला कोळशाचा डबा असतो. त्या डब्यात पेट्रोल शिरलं तर बचतीचा आनंद गॅरेजवाल्याला होतो. मामा मात्र रुपये-पैशांसकट बिल चुकतं करतो आणि बॉनेटवर डायरी उघडतो. ४१२ भागिले २७.१, म्हणजे १५.२. डॅशबोर्डवरचा मीटर सतरा म्हणत असतो. मामा क्षणभर दोघांकडे बघतो आणि सोसायटीत सांगण्यासाठी सतरा लक्षात ठेवतो.

मग कारणं शोधणं आलं. पहिलं टायर. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटून चालतं आणि पेट्रोल खातं. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं आणि ती टायर थंड असताना बघायची असते. पंक्चरवाल्याने मामाला एकदा नायट्रोजन भरायचा आग्रह केला. मामा म्हणाला, “साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. तेवढा फुकट भर, उरलेल्या बावीस टक्क्यांचं आपण नंतर बघू.”

दुसरं कारण खुद्द मामा. खंबाटकी उतरताना तो गाडी न्यूट्रल करतो. ही विद्या त्याने कार्ब्युरेटरच्या फियाटवर मिळवली. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांचं उलटं आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाचं पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की बिचाऱ्या इंजिनाला नुसतं जिवंत राहायला पेट्रोल लागतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. हे मी त्याला घाटातच समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वळणावर पुन्हा न्यूट्रल केलं. चाळीस वर्षांची श्रद्धा अशी एका उतारावर जात नाही.

तिसऱ्या कारणावर मात्र तो गप्प बसतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ॲव्हरेज थोडं तरी पडणारच. सोसायटीतले सगळे त्यावरून सरकारला शिव्या देतात, मामा त्यात नसतो. वाईजवळ त्याचा थोडा ऊस आहे. एका खिशातून गेलेलं दुसऱ्या खिशात येईल, या आशेवर तो आहे. मध्ये कारखाना आहे, एवढीच काळजी.

राहिलं वजन. एका रविवारी मामाने टपावरचा कॅरिअर काढला, कारण त्याला वारा अडतो. हे बरोबरच होतं. मग डिकी उपसायला घेतली. गावाहून आलेलं तांदळाचं पोतं, तीन छत्र्या, सहलीची शेगडी, कोणाची तरी एक चप्पल. दर जिन्नस बाहेर काढताना तो अंदाजे किलो पुटपुटत होता. मामी वर गॅलरीत उभी राहून कौतुकाने बघत होती. शेवटी मामा स्टेपनीकडे वळला, तेव्हा तिला राहवलं नाही.

“अहो, ती राहू दे. सगळ्यात जड सामान तर पुढे स्टिअरिंगमागे बसतं!”

मामाने स्टेपनी होती तिथे ठेवली. तांदूळ मात्र त्याला डोक्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यावे लागले, कारण लिफ्ट बंद होती.