अमेरिकेतल्या एडिसन गावच्या स्वयंपाकघरातून, आमच्या वार्ताहराकडून



हे पत्र नाना ओसरीवर बसून बातम्यांच्या सुरात वाचणार आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ऐकणार, हे ठाऊक असल्याने ते मुळातच बातमीपत्र म्हणून लिहिलं आहे. वार्ताहर म्हणजे तुमची धाकटी सून. कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत आटोपायचं आहे.

पहिली बातमी : घर विकलेलं नाही, जप्तीही आलेली नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईंना जी बिनदारांची कपाटं दिसली आणि त्यांतून डाळींचे डबे उघडेवाघडे बघत होते, तो प्रकार ठरवून केलेला होता. घर 1987 सालचं. त्या काळी इथे मधाच्या रंगाच्या ओक लाकडाची, वर देवळासारखी कमान असलेली दारं घराघरांत बसायची. सांगाडे अजून ठणठणीत, दारं मात्र आजीच्या ट्रंकेसारखी. तेव्हा सांगाडे ठेवायचे, दारं-ड्रॉवरचे दर्शनी भाग नवे बसवायचे आणि दिसणाऱ्या चौकटीवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवायचा. याला इथे रीफेसिंग म्हणतात. नानांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सनमायका मारला." अगदी तेच, नाना. फक्त आपले सुतारमामा चहा आणि फेव्हिकॉलवर भागवतात. इथल्या माणसाने 19 दारं आणि 7 ड्रॉवरचे 9,400 डॉलर सांगितले. नानांनी कृपया डॉलरच्या भावाने गुणू नये. गुणलंच असेल तर आईंना पाणी द्यावं.

तो आकडा ऐकून तुमचे चिरंजीव उठले आणि "आपण स्वतः करू" म्हणाले.

चिकटवण्याआधी चौकट तेलमुक्त हवी, नाहीतर पापुद्रा महिन्याभरात सुटतो. इथल्या बऱ्याच घरांत शेगडीवरचा पंखा धूर बाहेर सोडत नाही. जाळीतून गाळून परत घरातच फुंकतो. त्यामुळे पंधरा वर्षांच्या फोडण्या चौकटीवर जमा होत्या. घासताना थर निघत गेले : वरचा मोहरीचा, खालचा हिंगाचा, आणि तळाशी बहुधा 2012 ची गणपतीची भजी.

मग मापं. दार कपाटाच्या तोंडापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा इंच मोठं मागवायचं असतं. अमेरिकेने 1975 मध्ये मेट्रिकचा कायदा केला, पण ऐच्छिक. त्यामुळे टेपवर अजून इंचाचे सोळा भाग. चिरंजीवांनी सिंकखालचं माप तीन-सोळांश लिहायचं ते तीन-अष्टमांश लिहिलं. दोन्ही दारं एकमेकांना धडकू लागली. मापाने बनवलेली दारं परत घेत नाहीत. त्यांनी रात्री नानांना फोन केला, तेव्हा नानांनी एकच प्रश्न विचारला : "किती सूत?" इंचाचे आठ सूत, हिशोब केला, दीड सूत निघालं. "मग रंधा मार की!" इतकी वर्षं कॉम्प्युटरवर घालवलेल्या माणसाला शेवटी सुतारमामांचं माप कामाला आलं.

रंधा मारायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. सोसायटीच्या नियमानुसार गॅरेजचं दार गाडी आत-बाहेर करतानाच उघडायचं. दार लावून भुश्शात उभे राहिलेले चिरंजीव बाहेर आले ते भस्म लावलेल्या साधूसारखे. कचऱ्याचा नियम आणखी गोड : मोठ्या वस्तू आठवड्याला दोनच. तुमच्या सुनेने फोन करून विचारलं, सगळी जुनी दारं मिळून एक वस्तू धरता येईल का? नाही, प्रत्येक दार वेगळी वस्तू. ड्रॉवरचा दर्शनी भागसुद्धा. 26 भागिले 2, तेरा आठवडे. सध्या सोफ्यामागे दारं उभी आहेत आणि दर बुधवारी दोघांना निरोप दिला जातो.

(दुसरी शिट्टी.)

नवी दारं शेकर पद्धतीची : चारी बाजूंना सपाट पट्ट्या, मध्ये साधी फळी. नक्षी नाही, म्हणून पीठ अडकत नाही. फक्त खालच्या पट्टीच्या कडेवर पोळ्यांच्या दिवशी बारीक रांगोळी पडते. हा शेकर म्हणजे एक पंथ. त्यांत कोणी लग्नच करत नसे. संसार न करणाऱ्यांनी संसारी बायकांची सोय केली. लग्नासाठी दाखवलेली तिसरी मुलगीही नापसंत करणाऱ्या आपल्या बंड्याला या पंथाचा पत्ता देऊ नये.

तुमचं पार्सल काल पोचलं. मेतकूट अर्धं संपलं. पण दारं पांढरी बसवली त्याच आठवड्यात किलोभर हळद! सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि तिने इथे दहा मिनिटांत ओट्याजवळच्या दाराला स्वतःचं मानांकन दिलं. ऊन लागलं की डाग फिका होतो म्हणतात. इथे चार दिवस ऊन नाही.

एक दार मात्र कचऱ्याच्या यादीतून वगळलं आहे. शेगडीच्या डावीकडचं. घासताना त्याच्या आतल्या बाजूला आईंचं अक्षर निघालं, 2016 च्या दिवाळीचं : "अनारसे. तांदूळ 3 दिवस. पाणी रोज बदलणे." तुमचे चिरंजीव बराच वेळ फडकं हातात धरून उभे होते. मग म्हणाले, डोळ्यांत साबण गेला. साबण सुनेच्या हातात होता.

दार 15 बाय 30, जाडी पाऊण इंच. बेरीज पावणेसेहेचाळीस, विमानाच्या बॅगेला 62 पर्यंत चालतात. दिवाळीला ते सांगलीला येत आहे. खालची गुळाची ओळ तेल काढताना पुसली गेली. आईंनी प्रमाण फोनवर सांगू नये. पेन्सिल शोधून ठेवावी.